कमलताईंचा छज्जा

गेल्या महिन्यात मी निवृत्त झालो आणि निरोप समारंभ नको म्हणून सांगितलं. लखनौच्या सरकारी ऑफिसात हे म्हणजे नवरदेवानेच वरात नको म्हणण्यासारखं आहे. झेंडूचे हार, शाल, भिंतीवरचं घड्याळ, समोसा-बर्फीचा डबा, 'दो शब्द' म्हणून उठलेल्या माणसाची अर्ध्या तासाची बडबड आणि शेवटी ऑफिसच्या गाडीतून मिरवत घरी सोडणं, हे सगळं चुकवून कोणी सुटत नाही. मी सुटलो. पाच वाजता डबा उचलला आणि महानगर भागातल्या घरी आलो. ऑफिसातली पोरं म्हणाली, जोशी साहब कितने सादे आदमी हैं. साधेपणा कसला डोंबलाचा. मला भाषणांची धास्ती बसली आहे, आणि ती कशी बसली हे सांगायचं तर कमलताईंबद्दल सांगायला हवं.

कमल वानखडे मूळच्या अमरावतीच्या. नवरा, दिनकरराव, बँकेत. त्यांच्या बदलीबरोबर लखनौला आल्या आणि आमच्या बांधकाम खात्यात ट्रेसर म्हणून लागल्या. ट्रेसर म्हणजे इंजिनिअरने काढलेला नकाशा पारदर्शक कागदावर शाईने गिरवणारा माणूस. पुढे त्या ड्राफ्ट्समन झाल्या. बाई असल्या तरी खात्याच्या लेखी मॅनच. ऑफिसात त्या 'वानखेड़े मैडम', आणि आम्हा दहा-बारा मराठी घरांत कमलताई. ठेंगणी, रुंद बांध्याची बाई, मधल्या बोटावर कायमचा शाईचा डाग, आणि पर्समध्ये कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड. शाईची रेघ चुकली की ब्लेडने खरवडून काढायची ही तेव्हाची रीत. बाकीचे खरवडून खरवडून कागदाला भोक पाडत. कमलताईंनी खरवडलेली जागा उजेडात धरली तरी सापडायची नाही. त्याच ब्लेडने त्या दुपारी पेरू कापून आम्हाला वाटायच्या. ताई, शाई लागलीय त्याला, असं म्हटलं की म्हणायच्या, "खाय गुपचूप. शाई पोटात गेली तर अक्कल येईन."

जे कळलं नाही ते त्या गिरवत नसत. कागद घेऊन सरळ इंजिनिअरच्या टेबलापाशी उभ्या राहायच्या. एकदा एका नव्या साहेबाने जिना काढून दिला, तर ह्या त्याला विचारायला गेल्या की हा जिना किती उंचीच्या माणसासाठी आहे, कारण पाचव्या पायरीवर माझंच डोकं तुळईला लागतंय. साहेब लाल झाला. पण जिना बदलला. अशा बाईबद्दल ऑफिसात दोन मतं असणारच. निम्मे तिला खवचट म्हणत, आणि तेच निम्मे स्वतःच्या घराचा नकाशा तिच्याकडून तपासून नेत.

निरोपाच्या भाषणांचं त्यांना वावडं होतं. त्या म्हणायच्या, मेलेला आणि रिटायर झालेला, दोघंही एका दिवसात सद्गुणी होतात. मग एकदा हेडक्लार्क श्रीवास्तवजींच्या समारंभात कोणीतरी गंमत म्हणून त्यांच्याच हाती माईक दिला. आधीच्या पाच जणांनी श्रीवास्तवजी वेळेचे किती पक्के होते हे सांगून झालं होतं. कमलताई उठल्या आणि त्यांच्या वऱ्हाडी वळणाच्या हिंदीत म्हणाल्या, "श्रीवास्तवजी समय के पाबंद हैं, ये मैंने आज पहली बार सुना. ग्यारह के पहले ये कभी आए नहीं. पर मेरे बेटे को डेंगू हुआ था, तब मैं अस्पताल पहुँची तो ये वहाँ बैठे थे, खून देकर."

आणि बसल्या. मग श्रीवास्तवजीच हसायला लागले, हसता हसता रडायला लागले, आणि त्यांची बायको कमलताईंच्या गळ्यात पडली. तेव्हापासून प्रथाच पडली. कोणी निवृत्त होणार असलं की कमलताई आठवडाभर आधी चौकशीला लागायच्या. ड्रायव्हरला विचार, कँटीनवाल्याला विचार, जमल्यास घरी जाऊन बायकोला विचार. मग एक खोट सांगायच्या, पण खरी, आणि एक गुण सांगायच्या, पण स्वतः पारखून घेतलेला. लोक धसकायचे आणि तरीही वाट पाहायचे. एका सुपरवायझरने तर हात जोडून सांगितलं होतं की मैडम, मेरी वाली पहले बता दीजिए, घर में तैयारी कर लूँ.

फक्त एका माणसाच्या निरोपाला त्या बोलल्या नाहीत. माथुर साहेबांच्या, म्हणजे तेव्हाच्या माझ्या वरिष्ठांच्या. त्या दिवशी त्यांनी रजा टाकली.

त्याचं कारण म्हणजे छज्जा. ही गोष्ट चोवीस वर्षांपूर्वीची. कर्मचाऱ्यांच्या वसाहतीत सभागृह बांधायचं होतं, उद्घाटनाची तारीख आधी ठरली आणि काम मागून, म्हणजे नेहमीसारखंच. दारावरच्या छज्ज्याचं रेखाटन माथुर साहेबांनी घाईघाईत अर्ध्या कागदावर स्वतःच्या हाताने काढलं. छज्जा भिंतीतून नुसता पुढे आलेला असतो, टोकाला त्याला आधार नसतो, म्हणून त्याच्यातलं लोखंड वरच्या अंगाला घालतात. खाली घातलं तर ते असून नसल्यासारखं. हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं. साहेबांनी लोखंड खाली दाखवलं होतं.

कमलताईंच्या ते लगेच लक्षात आलं. कागदाच्या कडेला त्यांनी पेन्सिलीने लिहिलं, 'लोखंड वर पाहिजे ना?' आणि तो कागद माझ्याकडे आणला. मी तेव्हा सहायक इंजिनिअर, त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आणि हुद्द्याने वर. मी फोनवर होतो. एका डोळ्याने कागद पाहिला, आणि मलाही दिसलं. पण माथुर साहेब म्हणजे जमदग्नी. मी म्हणालो, साहेबांनी काढलंय तर विचार करूनच काढलं असेल, तसंच काढा. त्या हलल्या नाहीत. एकदा विचारून तरी पाहा म्हणाल्या. विचारतो म्हणालो. विचारलं नाही. दोन दिवसांनी त्यांनी नकाशा पुढे ठेवल्यावर पुन्हा विचारलं की साहेब काय म्हणाले, आणि मी, ठीक आहे म्हणाले, असं सांगून 'तपासले'च्या चौकटीत सही ठोकली.

खालच्या टेकूच्या बल्ल्या काढल्या त्या दुपारी छज्जा अख्खा खाली आला. रामदीन नावाचा मिस्त्री खाली अवजारं गोळा करत होता. त्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

चौकशी झाली. रेखाटनाचा तो कागद फाइलमध्ये नव्हता. माथुर साहेब म्हणाले, मी बरोबर काढून दिलं होतं, बाईंनी उतरवताना उलटं केलं. कमलताई म्हणाल्या, मी जोशी साहेबांना विचारलं होतं. मग समितीने माझ्याकडे पाहिलं. कमलताई माझ्यापासून चार हातांवर बसल्या होत्या. मी म्हणालो, "याद नहीं आ रहा, सर."

मला लेखी ताकीद मिळाली, दुर्लक्षाबद्दल. त्यांची बढती गेली, आणि त्यांनी हाताला धरून शिकवलेली मुलं एकेक करून त्यांच्यावर बसली. स्थानिक पेपरात चार ओळी आल्या, महिला ड्राफ्टमैन की चूक. नाव नव्हतं, पण आमच्या खात्यात महिला ड्राफ्टमैन होती किती? एक.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्या नेहमीप्रमाणे माझ्या टेबलाशी आल्या, डबा उघडला, ठेचा माझ्या पोळीवर वाढला. मी मान खाली घालून शिव्यांची वाट पाहत होतो. त्या म्हणाल्या, "जेव." एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर मी आज थोडा कमी हलकट वाटलो असतो, निदान स्वतःला. त्यानंतर बदल झाला तो एकच. सहीसाठी कागद ठेवताना इतर लोक म्हणतात, सर, साइन. कमलताई म्हणायच्या, "पाहिलं?" आणि मी हो म्हणेपर्यंत कागदावरचा हात उचलायच्या नाहीत. बावीस वर्षं. हाताने काढायचे नकाशे गेले, कॉम्प्युटर आला, पन्नाशीच्या आसपास त्या कॉम्प्युटर शिकल्या, आणि छापलेला नकाशा पुढे ठेवतानाही तेच.

रामदीनकडे त्या दर दिवाळीला जायच्या. काकोरीच्या पुढे त्याचं गाव. बसने जायच्या, चिवड्याचा डबा घेऊन, आणि तासभर बसून परत यायच्या. एकदा मला म्हणाल्या, चल. मी पाहुणे येणार असल्याचं सांगितलं. त्या परतल्यावर मी विचारलं की त्याला खरं काय ते तुम्ही सांगितलंत का. त्या म्हणाल्या, त्याने कधी विचारलंच नाही. उलट तोच म्हणतो, मैडम, बल्ली तो मैंने भी खोली थी. म्हणजे पाय गेलेला माणूस आपला वाटा उचलून बसला होता. ज्यांनी उचलायचा त्यातला एक पुढे मोठा साहेब होऊन गेला, आणि दुसरा पाहुण्यांची वाट पाहत होता.

ह्याहून वाईट होतं ते कमलताईंच्या घरात. अलीगंजच्या त्या घरी मी पुष्कळ जेवलो आहे. दिनकरराव स्वभावाने वाईट नव्हते, पण विनोदी होते, आणि एकच विनोद आयुष्यभर पुरवणाऱ्यांपैकी होते. पापड मोडला की म्हणायचे, "पडला कमळाबाईचा छज्जा." दूध उतू गेलं, फळी निसटली, गणपतीच्या मखराचा खांब कलला, की छज्जा पडला. सगळे हसायचे. मीही हसलो आहे, तोंडात कमलताईंच्याच हातची पुरणपोळी असताना. मुलगा पराग तेव्हा सहा-सात वर्षांचा. मराठी कळायचं, उत्तर हिंदीत द्यायचा. शाळेतून आला आणि कपडे वाळत घालायची काठी पडलेली दिसली की टाळ्या वाजवून ओरडायचा, मम्मी का छज्जा गिरा. पोर त्या विनोदावरच वाढलं. पुढे विनोद जुना झाला आणि समज तेवढी उरली की आईच्या हातून एका माणसाचा पाय गेला.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षी त्यांनी वृंदावन योजना नावाच्या नव्या वसाहतीत घर बांधायला काढलं. परागच्याच हौसेने. तो सॉफ्टवेअरमध्ये, पगार चांगला, ठेकेदारही त्यानेच नेमलेला. एका सकाळी गॅलरीचं लोखंड बांधणं चालू होतं. कमलताई शिडी चढून वर गेल्या, वाकून पाहायला लागल्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरांचं लोखंड कागदावर बांधलेली बाई. आपल्या घराचं एकदा डोळ्यांनी पाहावंसं वाटलं तर त्यात काय चुकलं? पराग खालून म्हणाला, "मम्मी, प्लीज़. आप छज्जे से तो दूर ही रहो." मजूर हसले. कमलताई शिडी उतरून खाली आल्या.

हे त्यांनीच मला सांगितलं. निवृत्तीला आठ दिवस राहिले असताना त्या माझ्या खोलीत आल्या आणि दार लोटून घेतलं. ऑफिसात त्या मला कधी नावाने हाक मारत नसत. त्या दिवशी मारली.

"श्रीकांत, माह्या फेअरवेलले तू बोलशील ना?"

मी म्हणालो, हा काय प्रश्न झाला, ताई.

"मग चांगलं काही बोलू नको. खोट सांग, एक काय, हव्या तेवढ्या सांग, माह्यात भरपूर आहेत. फक्त जी माही नाही, तेवढी उतरव. परागसमोर."

मी विचारलं, तुम्ही घरी कधी सांगितलं नाहीत?

"हजारदा सांगितलं. आरोपी असंच म्हणतो म्हणे. साक्षीदार लागते." मग त्यांनी टेबलावर बोट ठेवलं, जसं नकाशावर माप दाखवायला ठेवायच्या. "एक वाक्य. कमलताईंनी विचारलं होतं, मी ऐकलं नाही. बस. माथुरचं नाव घेऊ नको, मेलेल्याचं काहून काढायचं."

मी सांगेन म्हणालो, आणि मनापासून म्हणालो. भिण्यासारखं काही उरलंच नव्हतं. माथुर साहेब वारून सात वर्षं झाली होती, चौकशीची फाइल बंद होऊन कुठल्या तळघरात कुजत होती, माझी दोन वर्षं राहिली होती आणि ती कोणी हिरावून घेणार नव्हतं. मी ते वाक्य हिंदीत कागदावर लिहिलं. मैडम ने मुझसे पूछा था, मैंने सुना नहीं. कागद खिशात ठेवला. आठ दिवस सकाळी दाढी करताना आरशासमोर म्हणून पाहिलं. आरशासमोर उत्तम जमत होतं.

समारंभाला सभागृह भरलं होतं. कमलताईंनी मोरपंखी इरकल नेसली होती, आणि पहिल्या रांगेत दिनकरराव, सून, पराग. माझी बायकोही आली होती. रामदीनलाही कमलताईंनी बोलावलं होतं. तो कुबडी भिंतीला टेकवून शेवटच्या रांगेत बसला होता. लोक एकामागून एक बोलले, मग माझं नाव पुकारलं गेलं. मी उठल्याबरोबर परागने मोबाइल वर केला आणि व्हिडिओ घ्यायला लागला. त्याच्या शेजारी आमच्या ऑफिसातली तरुण इंजिनिअर पोरं होती, माझ्या हाताखाली तयार झालेली, ज्यांना मी वर्षानुवर्षं ऐकवत आलो होतो की न वाचता सही करणारा इंजिनिअर नव्हे.

मी माईक धरला. वानखेड़े मैडम बहुत परिश्रमी हैं, म्हणालो. ईमानदार, मिलनसार. मग पेरूंबद्दल बोललो, लोक हसले. मग जिन्याची गोष्ट सांगितली, आणखी हसले. आता सांगू, ह्या वाक्यानंतर सांगू, असं करत मी चार वाक्यं ढकलली. कमलताई माझ्याकडे पाहत होत्या, हात मांडीवर जोडून, परीक्षेच्या निकालाला बसलेल्या मुलीसारख्या. मोबाइलचा तो काळा डोळा माझ्यावर रोखलेला होता. मी म्हणालो, मैडम हमारे लिए माँ समान हैं. ही बाई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. टाळ्या पडल्या आणि मी खाली बसलो. बायको कानाशी म्हणाली, छान बोललात.

मग उत्तराचं भाषण. कमलताई माईकपाशी आल्या, तेव्हा खुर्च्यांत खसखस पिकली, कारण आज मैडम एकेकाची पोल खोलणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी कोणाला सोडलं नाही. चपराशाचं सांगितलं, कँटीनवाल्याचं सांगितलं, नव्या पोरांचं सांगितलं. सभागृह हसून हसून बेजार. शेवटी त्या माझ्याकडे वळल्या.

"जोशी साहब," त्या म्हणाल्या, "बाईस साल हम साथ बैठकर खाना खाए. मैं बहुत सोची कि इनके बारे में क्या बोलूँ." माईक तोंडाजवळ घेतला. "याद नहीं आ रहा, सर."

सगळ्यात मोठा हशा त्याला झाला. माझी बायकोही हसली. तोंडावर हसू ठेवून मी टाळ्या वाजवल्या.

रिवाजाप्रमाणे खात्यातल्या वरिष्ठाने घरी सोडायला जायचं, म्हणून मलाच जावं लागलं. गाडीत पराग पुढे, मागे कमलताई, दिनकरराव आणि मी, मांडीवर घड्याळाचं खोकं. बोलले ते फक्त दिनकरराव. समोसे बरे होते म्हणाले. वृंदावन योजनेतल्या नव्या घरापाशी, आधीच रिक्षाने पोचलेल्या सुनेने ओवाळलं, दिनकरराव थकून आत गेले, सूनही ताट घेऊन त्यांच्या मागे गेली. कमलताई फाटकाशी उभ्या राहून गळ्यातले हार काढायला लागल्या. एक हार अंबाड्यात अडकला होता. मी निघतो म्हणालो.

पराग पुढे आला आणि माझ्या पाया पडला.

"थैंक यू, अंकल," तो हलक्या आवाजात म्हणाला. "मुझे डर लग रहा था कि आज कोई वो छज्जे वाली बात न निकाल दे. वो रामदीन भी आया था. आपने मम्मी की इज़्ज़त रख ली."

आवाज हलका होता, पण फाटक केवढंसं. कमलताईंचे हात हारावरच थांबले. त्या माझ्याकडे पाहायला लागल्या. आता माईक नव्हता, मोबाइल खिशात होता, ऑफिसातलं कोणी नव्हतं. आम्ही तिघंच होतो, आणि ज्या एका माणसाला ते वाक्य ऐकवायचं होतं तो माझ्यापुढे हात जोडून उभा होता.

मी परागच्या पाठीवर थोपटलं आणि म्हणालो, "अरे बेटा, इसमें क्या."

कमलताईंनी हार ओढून काढला, परागच्या हातात दिला आणि आत गेल्या.